परतीची वाट कुणी लिहायची?

बसा. माना खाली घालून उभं राहिल्यानं सर्व्हर सुरू होत नाही. आज वह्या मिटा, मोबाइल पिशवीत टाका आणि फक्त ऐका.

काल प्रात्यक्षिकाचं काम काय होतं? दोन नेटवर्क कार्डं असलेला विंडोज सर्व्हर. एक कार्ड इंटरनेटकडे, दुसरं संस्थेच्या आतल्या नेटवर्ककडे. त्यावर राऊटिंग अँड रिमोट अ‍ॅक्सेस सेवा चालू करायची, दोन्ही कार्डांना आयपी द्यायचे, बाहेरून जोडल्या जाणाऱ्यांना पत्ते मिळण्याची सोय करायची आणि घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला व्हीपीएनच्या बोगद्यातून आतल्या फाइल सर्व्हरपर्यंत पोचवायचं. माझा चहा संपायच्या आत तुम्ही हे उरकलंत. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, ‘झालं मॅडम!’ पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसल्याबरोबर एकमेकांना टाळ्या देऊन मोकळे. फाइल सर्व्हरचं एक फोल्डर उघडून दाखवा म्हटलं, तर चौघंही एकमेकांची तोंडं बघायला लागलात.

तुमचा सर्व्हर मी नंतर ओळ न् ओळ तपासला. चुका ढीगभर आहेत, पण मूळ एकच आहे. पॅकेट जाईल कसं याचा विचार तुम्ही केलात. ते परत कसं येईल, हा प्रश्न चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आडगावी जायला निघालं की घरातली म्हातारी माणसं पहिलं काय विचारतात? ‘परतीची शेवटची एसटी कितीला?’ जायची गाडी मिळतेच, खोळंबा होतो तो परतताना. एवढं शहाणपण तुमच्या आजीला आहे आणि तुम्हाला, नेटवर्किंगच्या शेवटच्या वर्षाला बसून, नाही.

आता एकेक चूक घेऊ. कोणती कुणाची, हे ज्याचं त्याला कळेल.

पहिली गोष्ट, कार्डांची नावं. ‘इथरनेट’ आणि ‘इथरनेट २’. विंडोजनं जी दिली तीच. यातलं इंटरनेटकडचं कोणतं, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘बहुतेक दुसरं.’ बहुतेक? सर्व्हरच्या कामात ‘बहुतेक’ चालत नाही. केबल उपटा, कोणत्या कार्डावर लाल फुली येते ते बघा. आभासी यंत्र असेल तर मॅक पत्ता ताडून बघा. मग एकाला ‘बाहेर’ आणि दुसऱ्याला ‘आत’ असं नाव द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ते न केल्यानं काय झालं, तेही ऐका. विझार्ड तुम्हाला विचारतो, इंटरनेटकडचं कार्ड कोणतं? त्याच पानावर खाली एक खूण आधीच केलेली असते: या कार्डावर पॅकेट फिल्टर लावून ते सुरक्षित कर. तिचा अर्थ, या कार्डावरून फक्त व्हीपीएनची रहदारी सोडायची, बाकी सगळी अडवायची. तुम्ही निवडलंत आतलं कार्ड. मग आतल्यांचं पिंग बंद, फाइल शेअरिंग बंद, रिमोट डेस्कटॉप बंद; आणि इंटरनेटकडची बाजू सताड उघडी. वर तुम्ही तासभर काय तपासत होतात? स्विच! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी चूक, आणि ही मी माफ करणार नाही. दोन्ही कार्डांवर डीफॉल्ट गेटवे.

बाहेरच्या कार्डावर २०३.०.११३.१० हा पत्ता, गेटवे २०३.०.११३.१. हे बरोबर. आतल्या कार्डावर १०.२०.१.५, आणि गेटवेचा रकाना रिकामा दिसतोय म्हणून तिथे १०.२०.१.१ ठोकून दिलंत. रकाना रिकामा दिसला की भरायचाच, ही सवय परीक्षेच्या पेपरापुरती ठेवा. विंडोजनं तुम्हाला टोकलं होतं. स्पष्ट पाटी आली होती, की एकाहून जास्त गेटवे हे एकाच नेटवर्कला पर्यायी वाट असावी म्हणून असतात. एकमेकांशी न जोडलेल्या दोन नेटवर्कांवर दिलेत तर नीट चालणार नाही. तरीही जतन करू का, असं त्यानं विचारलं. तुम्ही काय केलंत? ‘येस’. न वाचता. कोण म्हणालं रे, ‘मॅडम, ती पाटी नेहमीच येते’? ती नेहमी येते, कारण तू नेहमी चुकतोस.

सर्व्हरवर राऊट प्रिंट ही आज्ञा द्या आणि डोळे उघडे ठेवून बघा. सगळ्यात वर ०.०.०.०, मास्क ०.०.०.०, अशी ओळ दिसते. ज्या पत्त्याची वाट दुसऱ्या कुठल्याच ओळीत सांगितलेली नाही, त्याचा सगळा माल या ओळीनं जातो. ती एकच असायला हवी. तुमच्या सर्व्हरवर दोन होत्या. एक बाहेर जाणारी, एक आत जाणारी. दोन्हींसमोर मेट्रिक किती? २८१. त्यातले २५६ गेटवेच्या ओळीचे आणि २५ कार्डाच्या वेगावरून विंडोजनं आपोआप लावलेले. दोन्ही कार्डं एक गिगाबिटची, म्हणून दोन्हींचा आकडा सारखा. मेट्रिक कमी असलेली ओळ जिंकते हे तुम्हाला पाठ आहे. मग दोन्ही सारखे असतील तर कोणती वाट धरली जाईल? जी धरली जाईल ती. तुम्ही ठरवलेली नसेल, एवढं नक्की. सर्व्हर अपडेट आणायला निघाला आणि आतल्या वाटेला लागला, की तो पोचला १०.२०.१.१ वर. घरून आलेल्याचं उत्तर त्या वाटेला लागलं, तर पलीकडचा फायरवॉल म्हणणार, ही बोलणी माझ्यासमोर कधी सुरूच झाली नाहीत, आणि पॅकेट फेकून देणार. असला सर्व्हर सकाळी चालतो, दुपारी रीस्टार्ट केला की रुसतो. मग तुम्ही साहेबांना सांगता, ‘नेट स्लो आहे.’ नेट स्लो नाही. तुमचं डोकं स्लो आहे.

नियम लिहून नका घेऊ, लक्षात ठेवा. डीफॉल्ट गेटवे एकच, आणि तो बाहेरच्या कार्डावर. आतल्या कार्डावरचा रकाना रिकामा राहील.

आता तुमच्यातल्या हुशाराचा प्रश्न मला ठाऊक आहे. ‘मॅडम, मग लेखा विभागाचं १०.२०.२ आणि भांडाराचं १०.२०.३ हे नेटवर्क सर्व्हरला सापडणार कसं?’ प्रश्न बरोबर आहे, तो काल विचारायला हवा होतास. त्यासाठी हातानं वाट लिहायची असते. १०.२०.०.०, मास्क २५५.२५५.०.०, जायचं १०.२०.१.१ मार्गे. आतलं सगळं या एका ओळीत येतं. सर्व्हरच्या स्वतःच्या १०.२०.१ या नेटवर्कला तिचा धक्का लागत नाही, कारण राऊटिंग टेबलात जी ओळ जास्त नेमकी ती जिंकते आणि २४ बिटांची ओळ १६ बिटांच्या ओळीपेक्षा नेमकी असते. मेट्रिकचा विचार त्यानंतर होतो. हेही तुमच्यातल्या दोघांनी उलटं सांगितलं.

आणि ज्यानं ही वाट लिहिली होती, हो, एकानं लिहिली होती, त्यानं आज्ञेत राऊट या शब्दापुढे ‘-पी’ घातलं नाही. ते घातलं नाही तर ओळ सर्व्हर बंद होईपर्यंतच टिकते. मी रीस्टार्ट केला आणि येरे माझ्या मागल्या. केलेलं काम रीस्टार्टनंतर टिकतं का, हे न बघता ‘झालं’ म्हणणारा माणूस मला प्रयोगशाळेत नको.

तिसरी चूक, पत्त्यांचा साठा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हर आतला एक पत्ता देतो. ते पत्ते दोन ठिकाणांहून येऊ शकतात: संस्थेच्या डीएचसीपीकडून, किंवा तुम्ही हातानं नेमून दिलेल्या साठ्यातून. दोन्ही मार्ग चांगले आहेत. तुम्ही दोन्हीही बिघडवून दाखवलेत, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

डीएचसीपी निवडलेल्या जोडीला सांगते. ही सेवा डीएचसीपीकडून पत्ते एकेक मागत नाही, दहा-दहाच्या गठ्ठ्यानं उचलते. पहिल्या गठ्ठ्यातला एक स्वतःला ठेवते, नऊ पाहुण्यांना देते. ते संपले की पुढचा गठ्ठा. हे माहीत नसलं की डीएचसीपीच्या यादीत एकाच सर्व्हरच्या नावावर दहा पत्ते दिसतात आणि माणूस घाबरतो. तुमच्या यादीत मात्र एकही नव्हता. घरच्या यंत्राला पत्ता मिळाला होता १६९.२५४ ने सुरू होणारा, आणि तो बघूनही तुम्ही ‘आयपी मिळाला’ म्हणून नाचलात. अरे, १६९.२५४ हा कुणी दिलेला पत्ता नसतो. डीएचसीपी सापडलं नाही की नाइलाजानं स्वतःच लावून घ्यायचा तो पत्ता. २००५ च्या आरएफसी ३९२७ मध्ये त्याचे नियम आहेत. तो पत्ता म्हणजे तक्रार आहे आणि तुम्ही तिला यश समजलात.

डीएचसीपी का सापडलं नाही? कारण सेवेच्या गुणधर्मांत आयपीव्ही४ च्या पानावर सगळ्यात खाली एक रकाना असतो: पाहुण्यांसाठी डीएचसीपी आणि डीएनएसची माहिती कोणत्या कार्डावरून घ्यायची? तिथे मुळात ‘सेवेलाच ठरवू दे’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही ते तसंच सोडलंत. सेवेनं बाहेरचं कार्ड धरलं आणि इंटरनेटच्या बाजूला डीएचसीपी शोधत बसली. तिथे ‘आत’ हे नाव निवडा, एवढंच करायचं होतं. आता कळलं, कार्डांना नावं कशाला द्यायची ते?

हातानं साठा देणारी दुसरी जोडी. यातल्या एकीनं १०.२०.१.१०० ते १५० असा साठा लिहिला. डीएचसीपी त्याच नेटवर्कात ५० पासून २०० पर्यंत पत्ते वाटतंय, हे फळ्यावर लिहिलेलं होतं. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. आज ना उद्या एकच पत्ता घरच्या पाहुण्याला आणि ऑफिसातल्या प्रिंटरला मिळणार, आणि दोघंही आडवे होणार. साठा तिथूनच द्यायचा असेल तर आधी डीएचसीपीत ते पत्ते वगळायचे. पाहुणे आतल्याच नेटवर्कातले असले, तर त्यांच्या नावानं आलेल्या हाकेला सर्व्हर स्वतः ओ देतो. त्याला प्रॉक्सी एआरपी म्हणतात, आणि म्हणून तिथे वेगळी वाट लिहावी लागत नाही. ही सोय आहे, पण ती मोफत नाही. हिशेब तुम्हीच ठेवायचा.

दुसऱ्यानं वेगळा साठा दिला, १०.९९.०.१ ते १०.९९.०.६०. विचार चांगला. पाहुणे वेगळ्या आकड्यात असले की फायरवॉलवर त्यांचे नियम वेगळे लिहिता येतात, नोंदींत ते चटकन ओळखू येतात. पण मग फाइल सर्व्हर का उघडला नाही? याच ठिकाणी माझा संयम सुटला. कारण तू मला म्हणालास, ‘मॅडम, पिंग होतंय की!’ कुणाला पिंग केलंस? १०.२०.१.५ ला. म्हणजे ज्या सर्व्हरशी तू आधीच जोडलेला आहेस, त्यालाच. त्यानं उत्तर दिलं यात नवल ते काय?

मी फाइल सर्व्हरवर, म्हणजे १०.२०.१.२० वर, वायरशार्क लावून बसले. घरच्या यंत्रावरून पिंग केलं. पडद्यावर ओळ आली: १०.९९.०.२ कडून विनंती. म्हणजे पॅकेट इंटरनेट ओलांडून, बोगद्यातून, सर्व्हरमधून, अगदी फाइल सर्व्हरच्या दारात पोचलं होतं. त्याखाली लगेच दुसरी ओळ: फाइल सर्व्हरचं उत्तर. उत्तरही निघालं होतं! गेलं कुणाकडे? मॅक पत्ता बघितला तर १०.२०.१.१ चा. फाइल सर्व्हरला १०.९९ कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून त्यानं आपल्या गेटवेला दिलं. त्या राऊटरलाही माहीत नाही, म्हणून त्यानं आपल्या डीफॉल्ट वाटेनं इंटरनेटकडे ढकललं. तिथे खाजगी पत्त्याला कोण विचारतो? संपलं. या कामापुरती तुमच्या सर्व्हरवर एकही चूक नव्हती आणि तरी काम होत नव्हतं, कारण चूक अशा यंत्रावर होती जिथे तुम्ही गेलाच नाहीत. राऊटरवर एक ओळ हवी होती: १०.९९.०.० च्या २४ बिटांच्या नेटवर्कला जायचं तर १०.२०.१.५ मार्गे. ती लिहिली आणि फोल्डर उघडलं. परतीची वाट ही अशी असते. ती बऱ्याचदा दुसऱ्याच्या यंत्रावर लिहावी लागते, त्यासाठी दुसऱ्याशी बोलावं लागतं, आणि तुम्हाला बोलायचा कंटाळा.

पुढचं ऐका. चूक काल घडली नाही, पण नोकरीच्या पहिल्या महिन्यात घडेल. १९९६ च्या आरएफसी १९१८ नं खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले: १० ने सुरू होणारा अख्खा पट्टा, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत, आणि १९२.१६८. एवढं मोठं रान मोकळं असताना लोक कुठे घर बांधतात? १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ मध्ये, कारण राऊटर खोक्यातून काढला की त्यावर तेच लिहिलेलं असतं. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१, कर्मचाऱ्याच्या घरचंही १९२.१६८.१. तो घरून १९२.१६८.१.२० वरचा फाइल सर्व्हर मागतो. त्याचं यंत्र म्हणतं, हा तर माझ्याच घरातला शेजारी. ते घरच्याच वायरीवर हाका मारत बसतं, पॅकेट बोगद्याकडे जातच नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम सुरू झालं तेव्हा असल्या नेटवर्कांची फळं कित्येकांनी चाखली. आकडे निवडताना ऑफिसातल्या भिंतींच्या पलीकडे बघायचं असतं. म्हणून मी तुम्हाला १०.२० दिलं. एकानंही विचारलं नाही, का.

अजून एक. बाहेरच्या कार्डाला सेवा देणाऱ्या कंपनीकडून १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता आला, तर तो सार्वजनिक पत्ता समजू नका. २०१२ च्या आरएफसी ६५९८ नं तो पट्टा कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी ठेवलेला आहे. आतून बाहेर सगळं चालेल, बाहेरून आत कुणीही येणार नाही. सर्व्हरशी झगडण्याआधी कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागा.

आता डीएनएस. दोन्ही कार्डांवर ८.८.८.८. का? ‘व्हिडिओत होतं.’ व्हिडिओ बनवणाऱ्याच्या घरी डोमेन नव्हतं, आपल्याकडे आहे. आपल्या डोमेन कंट्रोलरचं नाव जगातल्या कुठल्या सार्वजनिक डीएनएसला माहीत असणार? सर्व्हर डोमेनमध्ये असूनही पाहुण्यांचे पासवर्ड पडताळता येईनात, ते यामुळे. आतल्या कार्डावर आतला डीएनएस, १०.२०.१.२. बाहेरच्या कार्डावर काहीही नको. आतल्याला बाहेरची नावं विचारायची असतील तर आतला डीएनएस पुढे विचारील.

शिवाय बाहेरच्या कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये, डीएनएसच्या पानावर, ‘या जोडणीचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदव’ अशी खूण असते. ती तुम्ही काढली नाहीत. त्यामुळे आतला डीएनएस लावल्याबरोबर सर्व्हरनं आपला २०३.०.११३.१० हा पत्ताही आतल्या डीएनएसमध्ये अभिमानानं लिहून टाकला. आता आतला माणूस सर्व्हरला नावानं शोधतो आणि एकदा आतला पत्ता मिळतो, एकदा बाहेरचा. हात दाखवून अवलक्षण. ती खूण काढा. बाहेरच्या कार्डावरून फाइल आणि प्रिंटर शेअरिंग काढा, मायक्रोसॉफ्ट नेटवर्कचा क्लायंट काढा, नेटबायॉस बंद करा. इंटरनेटला आपल्या प्रिंटरशी काही देणंघेणं नाही.

प्रोटोकॉलबद्दल दोन वाक्यं बोलते, जास्त नाही. पीपीटीपी सोपा वाटला म्हणून निवडलात. त्याची एमएस-चॅप व्ही२ ही पडताळणी २०१२ सालीच उघड्यावर फोडून दाखवली गेली आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पीपीटीपी आणि एल२टीपी दोन्ही मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. शिवाय फायरवॉलवर तुम्ही टीसीपीचा १७२३ उघडलात तो ठीक, पण जीआरईसाठी ‘पोर्ट ४७’ उघडलात. ४७ हा प्रोटोकॉलचा क्रमांक आहे, पोर्टचा नव्हे. एसएसटीपी वापरा, त्याला टीसीपी ४४३ पुरतो. किंवा आयकेईव्ही२, त्याला यूडीपी ५०० आणि ४५००.

शेवटची चूक सगळ्यात महाग. तुमच्यातला एक शहाणा दुसऱ्या खोलीतून रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरला जोडला होता. ज्या कार्डावरून जोडला होता त्याच कार्डाचा आयपी त्यानं बदलला आणि ‘ओके’ दाबलं. पडदा गोठला. मग हे महाशय जिना उतरून सर्व्हरच्या खोलीपाशी आले, तर खोलीला कुलूप आणि किल्ली शिपायाकडे. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर उंटावरून उतरायची सोय आधी बघावी लागते.

हसू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं काय झालं? नेहमीच्या देखभालीत, त्यांच्या जगभरच्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली. तिनं जाळ्याचे सगळे दुवे तोडले. असल्या आज्ञा अडवायला जी तपासणी ठेवली होती, तिच्यातच दोष निघाला. डेटा सेंटरशी संपर्क तुटला तसं त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपल्याकडे यायच्या वाटा जगातून मागे घेतल्या. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, तिन्ही सहा तासांच्या आसपास बंद. आणि अभियंत्यांना दुरून दुरुस्त करता येईना, कारण दुरुस्तीला जायची वाटही त्याच जाळ्यातून होती; अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही चालेना. माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरायलाही वेळ गेला. त्यांच्याकडे हजारो अभियंते होते. तुमच्याकडे एक शिपाई आणि एक किल्ली.

म्हणून दुरून आयपी बदलायचा असेल, तर आधी दुसरी वाट हातात हवी: सर्व्हरचा कन्सोल, आभासी यंत्राची खिडकी, किंवा मॉनिटरसमोर बसलेला माणूस. जुनी सेटिंग फाइलमध्ये उतरवून ठेवा. काही मिनिटांनी जुनी सेटिंग परत लावणारं काम आधीच वेळापत्रकात टाका. नवं नीट चाललं तर ते रद्द करा, तुमची जोडणी तुटली तर तेच तुम्हाला सोडवेल. लिनक्सवर नेटप्लॅन वापरणाऱ्यांना तर ही सोय आयती आहे. ‘नेटप्लॅन ट्राय’ म्हटलं की १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाहीत, तर ते आपणहून जुन्यावर येतं. तरी लोक ‘नेटप्लॅन अप्लाय’ मारतात आणि मग शिपाई शोधत फिरतात.

आता तुमची सबब. ‘मॅडम, विझार्डनं काही चूक दाखवली नाही.’ विझार्ड कसा दाखवणार? त्याला तुमचा राऊटर माहीत नाही, डीएचसीपीनं किती पत्ते वाटलेत ते माहीत नाही, कर्मचाऱ्याच्या घरचं नेटवर्क माहीत नाही. त्याच्यापुढे एक सर्व्हर असतो, तेवढंच त्याचं जग. त्या सर्व्हरपलीकडचं बघायला म्हणून तर कंपनी माणूस ठेवते आणि त्याला पगार देते. नुसतं नेक्स्ट दाबायला माणूस लागत नाही.

मला हुशारी नको. कागद हवा. सर्व्हरला हात लावण्याआधी कागदावर प्रत्येक कार्डाचं नाव, पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस लिहा. जिथे काही द्यायचं नाही तिथे ‘नाही’ असं लिहा, रकाना मोकळा सोडू नका. पाहुण्यांचा साठा लिहा आणि तो डीएचसीपीशी ताडून बघा. मग घरचं यंत्र, इंटरनेट, सर्व्हर, राऊटर, फाइल सर्व्हर अशी चित्रं काढा. जाणारं पॅकेट निळ्या शाईनं दाखवा. उत्तर लाल शाईनं. लाल रेघ ज्या ज्या यंत्रावरून जाते, तिथे तिला पुढे कुणी पाठवलं, राऊटिंग टेबलातल्या कोणत्या ओळीनं पाठवलं, ते बाजूला लिहा. लाल रेघ जिथे अडेल तिथे तुमची चूक आहे. ती कागदावर सापडली तर खोडरबरानं निघते.

कालच्या कामाला शून्य गुण. चौघांनाही. जोडणी झाली होती म्हणून निम्मे द्या, असं कुणी सुचवायला येऊ नका. वापरणाऱ्याला फाइल मिळाली नाही तर त्याच्या लेखी सर्व्हर बंदच असतो.

सोमवारी सकाळी पहिल्या तासाला पुन्हा प्रात्यक्षिक. सर्व्हर मी पुसून ठेवलाय. प्रत्येकाचा कागद वेगळा, एकमेकांचा उतरवलेला मला लगेच ओळखू येतो. दारात मी उभी असेन. कागदावरच्या कोणत्याही एका यंत्रावर बोट ठेवीन आणि विचारीन, उत्तर इथून पुढे कुठे जाणार आणि का? ज्याला सांगता येईल त्यानं आत जाऊन सर्व्हर चालू करायचा. ज्याला येणार नाही त्यानं व्हरांड्यात बसून लाल रेघ पुरी करायची, आणि मगच पुन्हा माझ्यासमोर यायचं. निघा आता. आणि जाताना शिपायाला किल्ली परत करा.